बांधावरचं बीळ

आमचं हेलिकॉप्टर युद्धनौकेवरून उडतं, समुद्रावर एका जागी थांबतं आणि तारेनं आवाज टिपणारं यंत्र पाण्यात सोडतं. मी कान लावून शत्रूची पाणबुडी शोधते. हेलिकॉप्टरच्या पोटाशी टॉर्पेडो तयार असतो. परवा तार वर आली आणि तिच्या ओल्या वासानं मला लहानपणीच्या, आमच्या पोशेरा गावातल्या शेतात नेलं.

आईनं दोरीला गांडूळ बांधून बांधावरच्या खेकड्याच्या बिळात सोडलं होतं. मी चुळबुळले. “हालू नको, त्याला समजतं,” ती पुटपुटली. घरी नागलीची कोरडी भाकर होती, कालवणाला खेकडा हवा होता. तेव्हा ते न हलता बसणं शिक्षा वाटली. आज तसं गप्प बसण्याचाच पगार मिळतो. त्या दिवशी शेवटी खेकड्यानं गांडूळ धरलं आणि दोरी ताणली गेली.

सुट्टीत आईला माझं हे काम सांगितलं.

“लय मोठा खेकडा का गं?” तिनं विचारलं.

“मोठा. आणि तोही आम्हालाच शोधतो.”

“मंग तर बिलकुल हालू नको.”