पट्टीवरचा निळा ठिपका

थोरला गेला तेव्हा तीन वर्षांचा होता. नगरला नेऊन रक्त चढवलं की चार दिवस पोरगं अंगणभर पळायचं, मग पुन्हा पिवळं पडायचं. शेवटी तेही त्याला मानवेना. पुन्हा दिवस गेले तसा माझ्या जिवाला घोर लागला. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आत्याच्या मुलाला मुलगी देणं आमच्याकडे रीतीतलंच. तरी पोराचं दुखणं "तुझ्या माहेरचं" असं ती येताजाता ऐकवायची. म्हणे माझ्या माहेरचं! तिचं माहेर काय वेगळं होतं?

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हा नवराबायकोचं रक्त मागवलं. माझं राहुरीच्या दवाखान्यात काढलं. नवऱ्याला उद्या पाठवते, आत्या म्हणाली. एका पट्टीवर या दुखण्याच्या माहीत असलेल्या दोषांचे ठिपके असतात. तिच्यावर आपल्या रक्तातला डीएनए सोडायचा. ज्या दोषाशी जुळेल तो ठिपका निळा होतो. दोष आईबाप दोघांकडून आला तरच मूल आजारी. मग पोटातल्या बाळाचीही तशीच तपासणी.

निकालाला आत्या नि मी गेलो. माझ्या पट्टीवर एक ठिपका निळा, नवऱ्याच्या पट्टीवर एकही नाही. बाईंनी आत्याला बाहेर बसवलं. बापात दोष नसताना पोर आजारी कसं, हे त्यांना उमगत नव्हतं.

"थोरला तुमच्या मिस्टरांचाच ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरातरा बाहेर येऊन आत्याला सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. कारखान्याचा सीझन, नवऱ्याला रजा नाही, वर रक्त दिलं की अशक्तपणा यायचा, म्हणून तिनं त्याच्या जागी धाकट्या दिराला पाठवलं होतं.

"एकाच पोटची दोघं. रक्त काय येगळं असतंय व्हय?"

आता काय बोलायचं, कपाळ! मग नवऱ्यानं येऊन रक्त दिलं आणि तोच ठिपका निळा झाला. दोष दोघांकडे एकाच घरातून आला असणार, बाई म्हणाल्या. आत्या पदर पिळत बसली. बाळाचा निकाल येईपर्यंत मला एका जागी बसवेना. घासलेली भांडी पुन्हा घासत होते.

बाळात दोष एकीकडूनच आला होता. ते आजारी पडणार नव्हतं. आत्याला रडू फुटलं.

"ही पट्टी थोरल्याच्या येळंला असती तर गं."

मला असा राग आला!

"तर मी त्याला जन्मच दिला नसता, आत्या," म्हणाले, आणि मग मलाही रडू आवरेना.