आई पाण्यात उतरली

गेल्या हिवाळ्यात मी आईला माचणूरला घेऊन गेले. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमत नव्हता. मंगळवेढ्याच्या रस्त्याला बेगमपूरचा पूल ओलांडला, की भीमेच्या काठावर माचणूरचा जुना किल्ला लागतो.

तटावर उभी राहून मी तिला मोगल बादशहाच्या छावणीबद्दल सांगू लागले. ती हूं हूं करत होती, पण नजर खाली पाण्याकडे. थोड्या वेळाने म्हणाली, या काठानं आमची मेंढरं बसायची. तिचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढपाळांचं. लहानपणी उन्हाळ्यात कळपामागं ती इथवर यायची, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

आम्ही घाटावर उतरलो. सिद्धेश्वराच्या देवळाजवळच्या पायऱ्या थेट पाण्यात जातात. आईनं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला, नऊवारीचा काष्टा आवळला आणि एकेक पायरी उतरत गेली. पाय धुवायचे असतील असं मला वाटलं. पाणी कमरेला लागलं, तेव्हा मी ओरडले.

तिनं मागं वळून शांतपणे सांगितलं, "मला पवाया येतंय की."

आणि तिनं अंग पाण्यावर टाकलं. सत्तरीची बाई, दोन्ही गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कुरकुरणारी. हात लांब, संथ, मान वर. मला पोहता येत नाही. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून शेजारच्या होडीवाल्याला विनवलं. तो होडी घेऊन तिच्या बाजूनं जात राहिला. नंतर मला म्हणाला, बाईंना काही नको, माझीच होडी मागं पडत होती.

पंधरा-वीस हात आत जाऊन ती वळली आणि आली. मी रागानं तिला तिच्याच पिशवीतल्या टॉवेलात गुंडाळलं. ती मात्र हसत होती. मेंढीचं कोकरू एकदा पाण्याच्या ओढीला लागलं होतं, ते धरून काठाला आणलं, तेव्हापासून पोहते, म्हणाली. लग्नानंतर सोलापुरात नदीच नव्हती.

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस?" मी विचारलं.

"इचारलं कुणी?"

देवळात जाऊन तिनं पिशवीतून आणलेलं कोरडं लुगडं नेसलं. आम्ही सावलीत बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. मग ती मला बोट दाखवून सांगत गेली: कळप कुठं बसायचा, नदी ओलांडायचा उतार कुठं होता, भोवरा कुठं. त्या दिवशी गाईड तीच झाली.

पुढच्याच महिन्यात मी पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लहान मुलांच्या रांगेत. पहिले दोन आठवडे नाकातोंडात पाणी. आई काठावर खुर्ची टाकून बसायची आणि मास्तरांच्या आधी तीच सूचना द्यायची. आता मी न थांबता तलावाची लांबी पार करते. नदीत मात्र अजून उतरलेले नाही. ते मी आईसोबतच करणार आहे.