चार बोटं

परवा शनिवार पेठेत एका अरुंद जिन्याशी उभा होतो आणि वरून गरम मेणाचा वास खाली आला. मनगट मोडून सांधलेल्या बायका वर शेकण्यासाठी पातळ मेणात हात बुडवून बसल्या असणार, हे न बघताच कळलं. सात वर्षांपूर्वी हा जिना मी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मनातल्या मनात शिव्या मोजत चढलो होतो. गुडघ्याचा दवाखाना, आणि तो पहिल्या मजल्यावर! वर पोचल्यावर तसं बोलूनही दाखवलं. फिजिओथेरपी करणारी ती तिशीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, ज्यांना जिना चढवत नाही त्यांनाच आम्ही बोलावतो. बसा."

उकरून ठेवलेल्या रस्त्यावर खडीवरून माझी स्कूटर घसरली होती आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली होती. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी पाय हलवायला सांगितलं. पण आपल्याकडे आजाऱ्याला बघायला येणारा माणूस एका हातात शहाळं आणि दुसऱ्या हातात सल्ला घेऊनच येतो. 'आराम करा, आता वय झालं,' असं ज्याने त्याने सांगितलं आणि मलाही ते गोड लागलं. दोन महिने मी उशीवर पाय ठेवून पडून राहिलो. अपघाताने मोडलं नव्हतं ते त्या आरामाने मोडलं. गुडघा दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा जागच्या जागी धरला. त्या मायेच्या माणसांचा आणि त्यांचं ऐकणाऱ्या माझा मला अजून राग येतो.

किती दुखतं, हे तोवर सगळ्यांनी विचारलं होतं. तिने वेगळंच विचारलं, "या गुडघ्याकडून तुम्हाला काय करून घ्यायचंय?" मी खरं ते सांगितलं. विहारात वंदनेच्या वेळी गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तीनदा पंचांग प्रणाम करतात. माझ्यासाठी आता मागच्या भिंतीशी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असायची. समोर सगळी सभा एकदम खाली जायची आणि मी एकटा उंच उरायचो, हात जोडून. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. त्याआधी त्यांचं निम्मं आयुष्य लोकांनी त्यांना वाकवण्यात गेलं होतं. ते सांगायचे, "कुणी वाकवलं म्हणून वाकायचं नाही. आपण होऊन वाकायचं." ते आपण होऊन वाकणंच माझ्याकडून सुटलं होतं, आणि त्याची मला लाज वाटत होती.

तिने ऐकून घेतलं आणि मला पालथं झोपवलं. बायकोच्या जुन्या सुती साडीची पट्टी घोट्याला अडकवायची, ती खांद्यावरून ओढत टाच वर आणायची, आणि टाच व बैठक यांत उरलेलं अंतर तिने बोटांनी मोजायचं, अशी तिची रीत. पहिल्या दिवशी दीड वीत भरलं. मी ओरडलो की ती थांबायची आणि विचारायची, "दुखतंय की ओढतंय?" ओढत असेल तर पुढे जायचं, कळ आली तर तिथेच थांबायचं. साठ वर्षं मी या सगळ्याला सरसकट 'दुखतंय' म्हणत आलो होतो. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला आपल्याच शरीराची भाषा येत नव्हती! घरी सकाळ-संध्याकाळ माझं कण्हणं ऐकून बायको म्हणाली, "अहो, गुडघ्यांचा असा छळ करा, असं बुद्धांनी कुठे सांगितलंय?" मी म्हणालो, "छळ नाही, नुसतं ओढतंय." ती हसली नाही, पण पट्टीला पक्की गाठ मारून दिली.

वीत झाली, मग आठ बोटं, मग सहा. तीन आठवडे सहावर अडकलो तेव्हा मी तिला चिडून म्हणालो की वयापुढे कुणाचं चालत नाही. "वय मांड्यांत नसतं काका. ओढा." चौथ्या महिन्यात चार बोटांवर गाडी आली आणि तिथे कायमची थांबली. तिने ते लपवलं नाही. म्हणाली, "एवढं राहील. पण रोज ओढलं नाहीत, तर एवढंही राहणार नाही."

त्या रविवारी विहारात कुणीतरी सवयीने खुर्ची आणली. मी ती परत पाठवली आणि दुमडलेल्या सतरंजीवर गुडघे टेकले. खूप ओढत होतं. सगळे उठून बसले तरी माझा दुसराच प्रणाम चालला होता. तिसराही केला, सावकाश, लोक थांबले तरी.

आता सदुसष्ट पुरी झाली. चष्म्याचा नंबर वाढला, नावं विसरतो, वडिलांचा आवाजही पुसट होत चाललाय. गुडघ्याचं अंतर मात्र मी रोज सकाळी मोजतो. त्या आरामाने माझ्याकडून चार बोटं नेली आहेत. पाचवं मी वयाला देणार नाही.