चहाला बोलावलेल्या बाया

"अटक केली नाही म्हणता साहेब, मग दारात शिपाई कशाला उभा केलाय?"

ठाणेदार हसले. "मॅडम, मंत्री येणारेत आज. बंदोबस्त नको का?"

त्यांच्या केबिनबाहेरच्या खोलीत भिंतीलगतच्या बाकांवर सात बाया बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात चहाची कपबशी. सगळ्या कुंभार पिंपळगावजवळच्या एका खेड्यातल्या, आणि माझ्या अशील. मी अंबडच्या कोर्टात वकिली करते. हे ठाणं कुठलं ते सांगत नाही. साहेब कधीच बदलून गेले.

बायांचं म्हणणं एवढंच होतं की गावाला सिस्टर द्या. आरोग्य उपकेंद्राची इमारत उभी होती, पण जुन्या सिस्टरची बदली झाल्यापासून दाराला कुलूप. त्यांच्या म्होरक्या गयाबाई. त्यांची मोठी सून दवाखान्याच्या वाटेवर, परगावाहून बोलावलेल्या जीपमध्येच बाळंत झाली होती. माय-लेकरू दोघं वाचली हे नशीब. आता धाकटीचे दिवस भरत आले होते. म्हणून मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी रेस्ट हाउसच्या फाटकासमोर धरणं धरायचं ठरलं. परवानगीचा अर्ज मीच दिला होता. त्यावर ना होकार, ना नकार.

आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. मोठं कुणी दौऱ्यावर येणार असलं की आंदोलन करणाऱ्यांना सकाळीच निरोप जातो, "साहेबांनी चहाला बोलावलंय." माणसं इस्त्रीचे कपडे घालून जातात. चहा, पोहे, गप्पा. गाड्यांचा ताफा तालुक्याबाहेर पडला की सोडून देतात. कागदावर अटक नसतेच. काही पुढाऱ्यांना तर यात मान वाटतो. मला संताप येतो.

इथे निरोप आणणारा गावचा पोलीस पाटील म्हणजे गयाबाईंचा सख्खा दीर. गावातली खबर ठाण्याला आणि ठाण्याचा हुकूम गावाला पोचवणं हे त्याचं काम. त्याने ते चोख केलं. बायांना स्वतःच्या पिकअपमध्ये बसवून आणलं आणि आता कौतुकाने कोपऱ्यात उभा होता.

मी साहेबांपुढे कायदा मांडला. एखादा माणूस दखलपात्र गुन्हा करणार अशी पोलिसांना पक्की माहिती असेल आणि तो दुसऱ्या कशाने टळणार नसेल, तर त्याला आधीच अटक करता येते. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. पण अशा अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, आणि एवढ्यासाठी चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

"सिस्टर द्या म्हणून खाली बसणं, हा कुठला दखलपात्र गुन्हा?"

"मनाई आदेश लागूय मॅडम. पाच जणांचा जमाव चालत नाही."

हे मात्र खरं होतं. शांततेने, विनाशस्त्र एकत्र यायचा हक्क घटनेने दिला आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात.

"चौघी चालतात ना मग?"

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "हे बघा, यांना कुणी आणलं नाही. स्वखुशीनं आल्यात त्या."

"छान. मग स्वखुशीनं जातील."

मी बाहेर आले आणि बायांना म्हटलं, "उठा."

एकही उठली नाही. साहेबांशी भांडायची तयारी करून आले होते, पण हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

गयाबाई हळूच म्हणाल्या, "वकीलताई, त्यांचा च्या पेलो आपण. मंग लगेच उठून कसं जायचं? बरं दिसत न्हाई."

"बसा की वहिनी," दीर म्हणाला. "सायबानं मान दिलाय. एवढी काय जल्दी हाय?"

माझं डोकं फिरलं. कायद्याची कलमं तोंडपाठ होती, पण चहाच्या भिडेवर एकही कलम नव्हतं. मी विचारलं, "गयाबाई, धाकटी सून कुठंय?"

"घरी हाय."

"आत्ता कळा सुरू झाल्या तर तिला नेणार कशातून?"

गयाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दिराची पिकअप ठाण्याच्या आवारात उभी होती. गावात तेवढं एकच वाहन होतं.

त्यांनी कपबशी बाकावर ठेवली. पदर सावरला. केबिनच्या दारात जाऊन म्हणाल्या, "सायब, च्या चांगला व्हता. येते मी."

शिपायाने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्यांना अटक करू शकले असते, पण कारण लिहावं लागलं असतं. त्यांनी हातानेच जाऊ दे म्हटलं. "चौघीच. पाचवी दिसली की गुन्हा दाखल करीन."

"बराबर," गयाबाई म्हणाल्या, आणि दिराकडे वळल्या. "भावजी, तुमी गाडी घेऊन घरी जा. जल्दी."

फाटकासमोर चौघी बसल्या. उरलेल्या तिघी एस.टी. स्टँडवर थांबल्या आणि एकेक करून बदलीला जात राहिल्या. मंत्र्यांच्या गाड्या काचा वर करून निघून गेल्या. मला वाईट वाटलं. गयाबाईंना नाही. पुढच्या सोमवारपासून त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिससमोर बसू लागल्या, चौघी-चौघी. अखेर एक कंत्राटी सिस्टर आली. आठवड्यातून तीनच दिवस, पण आली. धाकटी तोवर अंबडला नीट बाळंत झाली होती.

पुढच्या दौऱ्याला चहाचा निरोप आला नाही, धरणं धरू नका अशी रीतसर नोटीस आली. मला आनंद झाला. नोटिशीला उत्तर देता येतं, ती कोर्टात नेता येते.

आता अशिलांना मी एकच प्रश्न पाठ करायला लावते: "मी जाऊ का?" ठाण्यात हो म्हणाले तर निघा. नाही म्हणाले तर ती अटक आहे, कारण मागा. हक्क घटनेने दिलाय, पण बाकावरून आपल्यालाच उठावं लागतं.