ऑक्सिजन आणि खातेवाटप

एका आफ्रिकी देशाचं मंत्रिमंडळ बरखास्त झाल्याची बातमी मला शेजारच्या टेबलावरून कळली. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात माझ्या बाजूला बसणारी सहकारी त्याच देशाची. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली ती एकदम म्हणाली, "गेले! राष्ट्राध्यक्षांनी सगळ्या मंत्र्यांना घरी पाठवलं."

मला आधी आठवला आमचा प्लांट. हॉस्पिटलांना स्वतःचा ऑक्सिजन तयार करता यावा, अशी यंत्रं आमची कंपनी पाठवते. मी मूळची पुण्याची, बायोमेडिकल इंजिनियर. ती यंत्रं बसवून देणं माझं काम. त्या देशाच्या उत्तरेकडच्या एका सरकारी रुग्णालयाचा प्लांट टेस्टिंग होऊन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या गोडाऊनमध्ये तयार होता. आरोग्यमंत्र्यांची सही झाली की जहाजावर चढणार होता. आता सही करायला मंत्रीच उरला नव्हता.

ते रुग्णालय मी पाहिलं होतं. जागेची पाहणी करायला गेले, तेव्हा तिथल्या मेट्रननं मला बाळांच्या वॉर्डात नेलं. एकाच सिलिंडरला दोन नळ्या जोडून शेजारशेजारच्या दोन बाळांना ऑक्सिजन चालू होता. "दोघांनाही पुरत नाही," ती म्हणाली, "पण एकाचा काढून दुसऱ्याला कसा देऊ?" प्लांट कधी येईल, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, लवकर.

आणि इकडे नवं मंत्रिमंडळ काही बनेना. कुठल्या प्रांताला किती मंत्रिपदं, मित्रपक्षाला कुठलं खातं, रुसलेल्यांची समजूत कशी काढायची. सहकारी मला हे रोज जेवताना सांगायची. आमचा बॉस, तोही भारतीयच, एकदा मीटिंगमध्ये हसून म्हणाला, "अफ्रीका है, ऐसा ही होता है." माझ्या त्या सहकारीनं मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

"सर, आपल्याकडेही खातेवाटप रखडतं. पालकमंत्री कोण, यावरून जिल्हेच्या जिल्हे खोळंबतात. तेव्हा काय म्हणायचं?"

"रिलॅक्स," तो म्हणाला. "यल्ला, चल, दुसरं प्रोजेक्ट बघ."

शेवटी शपथविधी झाला. नव्या आरोग्यमंत्र्यांना सगळं पहिल्यापासून समजून घ्यायचं होतं. घेतलं. आता सही होणार म्हणेपर्यंत पुन्हा फेरबदल! ते गेले क्रीडा खात्याकडे आणि मधल्या काळात पर्यटन सांभाळणारे जुने आरोग्यमंत्री परत आले. आम्ही दोघींनी ऑफिसात टाळ्या वाजवल्या. यांना तर सगळं माहीतच होतं.

ते दुबईला आले तेव्हा बॉसनं त्यांना हॉटेलात जेवायला बोलावलं. गृहस्थ गप्पिष्ट. आपलं खातं बदलल्याचं आपल्याआधी ड्रायव्हरला रेडिओवरून कसं कळलं, हे त्यांनी साभिनय सांगितलं. सगळे हसले, मीही हसले. मग कबाब वाढून घेता घेता ते म्हणाले, "तो प्लांट आता माझ्या शहरात बसवू. आमच्या लोकांनी मला परत आणलंय, त्यांना काहीतरी दिसायला हवं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या शहरातल्या हॉस्पिटलात आधीपासून एक प्लांट होता, तोही आमचाच. मी त्यांना उत्तरेतल्या वॉर्डाबद्दल सांगितलं. त्या दोन बाळांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तो विरोधकांचा भाग आहे. त्यांचं पुढच्या वेळी बघू. इन्शाल्ला."

तेवढ्यात माझी सहकारी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. अगदी हळू. मंत्र्यांचा चेहरा उतरला. बॉस ताडकन म्हणाला, "खलास! विषय बंद." लिफ्टमध्ये मी तिला विचारलं, काय बोललीस?

"ती बाळं कुठल्या पक्षाची आहेत, एवढंच विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी बॉसला सांगितलं, मंत्र्यांच्या शहरात मी प्लांट बसवायला जाणार नाही. त्यानं वाद घातला नाही. माझ्याऐवजी दुसऱ्या इंजिनियरला पाठवलं. बस्स. माझ्या नकारानं काडीचाही फरक पडला नाही. उद्घाटनाचा फोटो आला. फीत, कात्री, हसणारे मंत्री. कंपनीनं तो रिसेप्शनच्या भिंतीवर लावला.

मेट्रनला कळवायला कोणी तयार नव्हतं. मीच फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं. मला वॉर्डात जायला हवं." आणि फोन ठेवला. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी घरी मी भांडी आपटत होते. मुलगी अभ्यास सोडून दारात आली. "मम्मा, व्हाय आर यू सो अँग्री? हू डिड व्हॉट?"

मी सांगायला लागले. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, बॉस. एकेक नाव घेताना माझाच आवाज चढत गेला आणि ती घाबरून बाबाला हाक मारायला गेली.