कापसाच्या खोलीतलं आठवं गाणं

आमच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग कापसात झालं. हे सांगितलं की लोक हसतात. पण यात हसण्यासारखं काही नाही. कळंबपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव आहे आणि घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. वेचणी सुरू झाली की कापूस तिथे येऊन पडतो आणि बाबांच्या मनासारखा भाव येईपर्यंत तिथेच राहतो. बाबांच्या मनासारखा भाव सहसा येत नाही, त्यामुळे संक्रांतीपर्यंत ढीग छताला टेकतो. अशा खोलीत बोलून बघा. आवाज तोंडातून निघतो आणि तिथेच राहतो, भिंतीवर आपटून परत येत नाही. शहरातले स्टुडिओवाले यासाठी भिंतींना महागाचा फोम चिकटवतात. आमचा फोम शेतातून बैलगाडीत यायचा.

आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. तो आमच्या गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, आणि कॉम्प्युटरसमोर बसला की मुका. कळंबला एका मोबाईलच्या दुकानात लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायच्या कामावर आम्ही भेटलो. तेव्हापासून दोघे मिळून गाणी करतो. आम्हाला सगळे ‘डीजेवाले’ म्हणतात आणि त्याचा मला अजूनही राग येतो. गाडीवर भोंगे बांधून गाणं वाजवणारा वेगळा आणि ते गाणं बनवणारा वेगळा. आम्ही बनवणारे. अर्थात लग्नसराईत आम्ही गाडीवर बसून वाजवतोसुद्धा, त्यामुळे लोकांचं फारसं चुकत नाही हे मान्य करतो.

तोवर आम्ही इतरांसारखंच दुसऱ्यांच्या गाण्यांवर आपला बीट चढवत होतो. मग ठरलं की एक अल्बम करायचा, आठ गाण्यांचा, आणि त्यात उसनं काही नको. बीट आपला, आवाज आपल्या माणसांचे. पोळ्याला बैलांच्या गळ्यातल्या घाटींचा आवाज घेतला. तांड्यावरची लेंगी, म्हणजे होळीची गाणी घेतली. आमच्या आईचा दळण चाळतानाचा आवाजही घेतला आणि त्यावर एक अख्खं गाणं उभं केलं. आईला ते ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, चाळणी फाटकी आहे, नवी आणून द्या आधी.

भांडणं झाली ती नावावरून. आमच्या धंद्यात गाण्याच्या मधे मधे बनवणाऱ्याचं नाव घुमवायची रीत आहे, नाहीतर दुसरा उचलतो आणि आपलं म्हणून वाजवतो. दोघांचं गाणं म्हटल्यावर आधी नाव कुणाचं? चार दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी निवाडा त्याच्या बहिणीने केला: चार गाण्यांत ह्याचं आधी, चार गाण्यांत त्याचं.

त्या बहिणीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तो तिला बाई म्हणतो, म्हणून मीही बाईच म्हणतो. तिला गाण्याच्या कामातलं काहीही कळत नाही आणि सगळं कळतं. नवीन काही केलं की आम्ही तांड्यावर जायचो. ती भाकरी थापत असायची नाहीतर तुरीच्या शेंगा सोलत. आम्ही लहानसा स्पीकर तिच्याजवळ ठेवून गुपचूप बसायचो आणि तिच्या पायाकडे बघायचो. पायाचा अंगठा हालला की गाणं पास. नाही हालला तर घरी जाऊन सगळं पुसून परत बसायचं. तोंडाने ती चांगलं-वाईट कधी म्हणालीच नाही. लहानपणी तो तेलाचा रिकामा डबा बडवायचा तेव्हापासून हे असंच चालू होतं म्हणे.

तिचं लग्न उन्हाळ्यात झालं. सासर उमरखेडकडचं, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. लग्नात डीजे कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. दोन जण असे घरात असताना बाहेरचा बोलावला असता तर तांड्याने आम्हाला उभं केलं नसतं. त्यामुळे नवरीचा सख्खा भाऊ दोन दिवस मशीनमागे उभा होता. हळदीला त्याच्या अंगाला हळद लावायलाही बायका गाडीवर चढल्या.

बंजाऱ्यांत नवरी निघताना ढावलो गाते. गाते म्हणायचं, पण ते रडणं असतं आणि रडता रडता ती शब्द जुळवते. एकेकाच्या गळ्यात पडते आणि ज्याच्या गळ्यात पडली त्याच्या नावाने कडवं सांगते. याडीसाठी, म्हणजे आईसाठी वेगळं, बापासाठी वेगळं, शेजारणीसाठी वेगळं. दुपारचं ऊन होतं. मांडवात सगळे गप्प झाले होते आणि बाईचा आवाज लागला. मी तिला इतक्या वर्षांत कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला. आणि काटा आल्याबरोबर माझ्या डोक्यात काय आलं, तर अल्बममधलं आठवं गाणं अजून सापडलेलं नाही. मी माझा मोबाईल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जोडीदाराच्या हातात कोंबला.

“जवळ जाय,” मी म्हटलं. “असा आवाज पुन्हा नाई भेटत.”

तो गेला. हात लांब करून त्याने मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला. ती आईच्या गळ्यात होती, मग बापाच्या, मग काकूच्या. मग ती त्याच्याकडे वळली, थांबली, आणि शेजारच्या म्हातारीच्या गळ्यात पडली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण तेव्हा मला वाटलं, रेकॉर्डिंग किती स्वच्छ येत असेल.

ते गाणं पावसाळाभर आम्ही घडवलं. खरं सांगायचं तर भारी झालं होतं. तिच्या आवाजाखाली आधी फक्त घाटींचा आवाज, मग हळूहळू ढोल, आणि एका ठिकाणी तिला मोठा हुंदका येतो, तिथे सगळं एकदम बंद. हुंदका कापून आम्ही तो आठ वेळा जोडला, एकामागे एक, आणि आठव्यावर बीट दणकन खाली आणला. यालाच आम्ही ड्रॉप म्हणतो, नाचणाऱ्याचे पाय तिथे जमिनीवरून सुटतात. त्या हुंदक्यांवर आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती. त्या टाळीची मला आजही लाज वाटते.

बाकीचं नंतर काढू म्हणून दसऱ्याआधी हे एकच गाणं आम्ही इतर डीजेंच्या ग्रुपवर सोडलं. आठवडाभरात ते कुठल्या कुठे गेलं. मारेगावकडून एकाने व्हिडिओ पाठवला, देवीच्या मिरवणुकीत पन्नास पोरं हुंदक्यावर उड्या मारतायत. आम्ही हवेत. आणि मग उमरखेडकडच्या एका मिरवणुकीत ते बाईच्या सासरच्या दारावरून गेलं.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही शेतात होतो. जोडीदाराने स्पीकर लावला.

“तुमी माह्या रडण्यावर लोक नाचवून राह्यले,” ती म्हणाली. “माही सासू दारात उभी राहून नाचली. तिले मालूमच नाई का आवाज कोनाचा हाये.”

तो म्हणाला, “बाई, आयकून तं घे...” पण तिने फोन ठेवून दिला होता.

दिवाळीला ती आली नाही. पहिलीच दिवाळी, जावयाचा मान, सगळी तयारी झालेली, आणि निरोप आला की घरी काम आहे. याडीने केलेले पदार्थ डब्यात भरून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, खा तुम्हीच. जोडीदार त्या दिवसापासून कॉम्प्युटरला शिवला नाही. मी समजावलं, चिडलो, एकदा तर म्हणालो की एका गाण्यापायी अल्बम बुडवतो काय. तो म्हणाला, “सात गाणे झाले बे. पण पास कोन करणार?” त्याला अल्बमचं पडलेलं नव्हतं, त्याची बहीण गेली होती. आणि ती मी घालवली होती, माझ्या मोबाईलने.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी मी कापसाच्या खोलीत तारा गुंडाळत होतो. बाबा विकायचं म्हणत होते आणि अल्बम आता होत नाही हे मी मनाशी धरलं होतं. दारात सावली पडली. बाई उभी होती, आणि तिच्या मागे चार हातांवर तो, शिक्षकाने वर्गाबाहेर काढल्यासारखा.

“लाव ते गाणं,” ती मला म्हणाली.

मी लावलं. ती कापसाच्या ढिगावर बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मी सवयीने तिच्या पायाकडे बघितलं. पाय दगडासारखा. हुंदके सुरू झाले तेव्हा माझा हात बंद करायला गेला.

“बंद नोको करू.” आठही हुंदके तिने ऐकले. “हा माहा हाये? आठ वेळा? मीनं तं एकच देल्ला होता.”

आम्ही खाली माना घातल्या.

“अन् याच्यात भियाचं कडवं कुठी हाये?” भिया म्हणजे भाऊ. तिने आता त्याच्याकडे बघितलं. “याडीचं हाये, बापाचं हाये, काकूचं हाये. तुह्या गळ्यात पडाले आली तं तू मोबाईल धरून उभा. कोनाच्या गळ्यात पडू? मोबाईलच्या? तुहं कडवं तसंच राह्यलं माह्याजवळ. सात महिने झाले, घेऊन फिरून राह्यली.”

मीच म्हणालो, “बाई, मोबाईल मीनं देल्ला होता त्याच्या हाती.”

“मालूम हाये मले. मीनं पाह्यलं तुले.” मग म्हणाली, “लोक तं आयकूनच राह्यले, आता कोनाकोनाले थांबवू? पण अर्धं गाणं कायले आयकता? पुरं करा. माईक लाव.”

मी माईक लावला. ती उठली, त्याच्या समोर गेली आणि त्याच्या गळ्यात पडली. मला गोरबोली अर्धीच कळते. तेलाचा डबा कळला. पाय कळला. तिकडे दूर गावात मी कुणाच्या गाण्यावर पाय हालवू रे भिया, असं काहीसं होतं. तो आधी ताठ उभा होता. मग त्याने दोन्ही हातांनी तिला धरलं आणि मोठ्याने रडायला लागला. त्या खोलीत आवाज घुमत नाही, जितकं असेल तितकंच ऐकू येतं. मी तोंड फिरवून कापसाकडे बघत बसलो. मलाही रडू येत होतं, आणि मी काही त्यांच्या घरचा नव्हतो.

बऱ्याच वेळाने ती बाजूला झाली, पदराने नाक पुसलं आणि मला विचारलं, “आलं न नीट?”

मी म्हणालो, “बाई, मीनं बटनच नाई दाबलं.”

“काहून?”

“बरं नाई वाटलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मंग मी एवढी रडली कायले?”

आधी तो हसला. नाक वाहत होतं आणि हसत होता. मग ती हसली, आणि मग मला हसायची परवानगी आहे असं समजून मीही. मी घाईने बटण दाबलं आणि म्हणालो, पुन्हा एकदा घेऊ. तिने सुरुवात केली, पण “भिया” म्हटलं की हसू फुटे. चार वेळा घेतलं. चारही वेळा शेवटाला हसू. खोटं रडायला तिने साफ नकार दिला.

आठवं गाणं आम्ही त्यावरच केलं. हसत हसत म्हटलेला ढावलो मी दुसरा ऐकलेला नाही. हुंदके काढून टाकले आणि ड्रॉप तिच्या हसण्यावर आणला. मधे आमची नावं नकोत, अशी तिची सक्त ताकीद होती, म्हणून आजवर तीन जणांनी त्यात आपापली नावं घुसवून ते आपलं म्हणून वाजवलंय. माझा जीव जळतो. जोडीदाराचा जळत नाही. संध्याकाळच्या बसने परत जायच्या आधी तिने आठही गाणी ऐकली. सातव्याला अंगठा हालला नाही, ते आम्ही पुन्हा केलं. आठव्याला दोन्ही पाय हालले. पुढच्या आठवड्यात बाबांनी कापूस विकला आणि खोली पुन्हा घुमायला लागली.

अल्बम बऱ्यापैकी चालला. पण मला त्याहून एक दुसरीच गोष्ट सांगायची आहे. आता तांड्यावरच्या कुठल्याही लग्नात नवरी निघायची वेळ झाली की माझा जोडीदार मशीन बंद करतो, कानावरचा हेडफोन काढून ठेवतो आणि गाडीवरून खाली उतरतो. नवरीचा भाऊ कुठेतरी मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत उभा असतोच. हा सरळ त्याच्याजवळ जातो आणि हात पुढे करतो.

“मोबाईल दे इकडं,” तो म्हणतो, “अन् तू जाय बहिणीजवळ.”