दर महिन्याचे चार हजार

मे महिन्याचा तिसरा रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर. ठिकाण देवबाग, माझ्या माहेरची मागची पडवी. हजर: दादा, वहिनी, आई आणि मी. गैरहजर: आमचे हे, कारण कसालला घरी शेवटचे आंबे उतरवायचे होते, आणि दोन खोल्यांतले पाहुणे. ते बोटीने संगम बघायला गेले होते आणि चारच्या चहाला परत येणार होते.

अशी नोंद करायची मला सवय आहे. कसालला मी एका औषधांच्या दुकानाचे हिशोब बघते, आणि तिथली शिस्त घरी येताना दारात काढून ठेवता येत नाही. दादा म्हणतो, मी लग्नातल्या पंगतीचीही हजेरी घेईन. घेतली होती एकदा, त्याच्याच लग्नात, म्हणून जेवण पुरलं.

मेच्या या रविवारी मी माहेरी जाते ती पावसाआधीची यादी करायला. देवबागला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. महिनाअखेरीला बोटी वर ओढल्या की पर्यटक थांबतात आणि पुढचे चार महिने घरात पैसा येत नाही. दादाचं सगळं पोट पाहुण्यांच्या दोन खोल्यांवर आणि एका पर्यटक बोटीतल्या अर्ध्या वाट्यावर. म्हणून तांदूळ, गॅस, सुकी मासळी, आईच्या गोळ्या, ताडपत्री, बोटीचं इंजिन काढून ठेवणं, हे सगळं आधी मांडून घ्यायचं.

यंदाच्या यादीत एक नवी ओळ होती आणि ती वहिनीने स्वतः सांगितली होती: जून, उदयपूर, दोघं, सहा दिवस. अकरा वर्षं वहिनी दुसऱ्यांच्या खोलीच्या दारात सकाळी चहा नेऊन देते आहे. आता तिला असं कुठेतरी जायचं होतं, जिथे चहा तिच्या दारात येईल. शिवाय एका पाहुणीने तिला तिथल्या तलावाचा फोटो दाखवला होता. "लाट नाय, मीठ नाय, गप पडान रवलेला पाणी," ती मला म्हणाली होती. "तसला पाणी माका एकदा बघूचा आसा." पाहुण्यांना मसाला, कोकम आणि कोळंबीचं लोणचं विकून तिने पन्नास हजार जमवले होते. ते तिच्या खात्यात होते आणि दादाने त्यांच्याकडे कधी वाकड्या नजरेनेही पाहिलं नव्हतं.

"आता पावसातलो खर्च सांग," मी दादाला म्हटलं.

"ताडपत्री. मेकॅनिक. विजेचा बिल. कार्डाचे चार हजार."

"कार्डाचे चार हजार कित्याचे?"

"दर म्हयन्याचे. एक म्हयनो चुकवक नाय मी."

"आणि ते संपतले कधी?"

ओहोटी कधी बंद होणार असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "संपतले म्हणजे?"

मी पेन खाली ठेवलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, हंगाम ऐन भरात असताना, दादाने दोन्ही खोल्यांना एसी बसवले, मोठा फ्रीज घेतला आणि नव्या गाद्या आणल्या. सगळं मिळून ऐंशी हजार, सगळं क्रेडिट कार्डावर. हे मला माहीत होतं. ते त्याने दिवाळीनंतर फेडून टाकलं असणार असं मी धरून चालले होते, कारण दादा कुणाचे पैसे ठेवत नाही. त्याने फोन पुढे केला. ताज्या बिलावर एकूण देय चौऱ्याऐंशी हजार. त्याच्याखाली किमान देय चार हजार दोनशे.

"बघ," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "दोन आकडे दिलेले आसत. एक मोठो, एक बारीक. पावसात बारीक भरूचो, हंगामात मोठो."

"मगे हंगामात मोठो भरलंस?"

"तेंनी मागूकच नाय तर कसो भरतलंय?"

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर माझा भाऊ अडाणी वाटेल, आणि तो नाही. देवबागच्या कुठल्याही दुकानात पावसाळ्यात पूर्ण उधारी कुणी मागत नाही. समुद्र बंद असतो हे दुकानदारालाही दिसत असतं. तुम्ही महिन्याला थोडेफार द्यायचे, म्हणजे तुमची नियत साफ आहे हे त्याला कळतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत पाण्यात जातात, दसऱ्याच्या सुमाराला दुकानदार एक दिवस सहज विचारतो, "मगे, खात्याचा बघूया?" आणि तुम्ही हिशोब पुरा करता. मधल्या काळाचं व्याज कुणी घेत नाही आणि कुणी देऊ केलं तर दुकानदाराला राग येईल. आमच्या वडिलांनी असंच केलं, दादानेही असंच केलं. बिलावर छापलेला बारीक आकडा बघून त्याला वाटलं, बँकेलाही आपला पाऊस कळतो.

आणि दसऱ्याला बँकेने विचारलंच नाही. त्याने चार हजार भरले की आभाराचा निरोप यायचा. मग गणित असं झालं की मागत नाहीत त्या अर्थी घाई नाही.

"उलट बँकेन माजी मर्यादा वाढवल्यान," दादा म्हणाला. "फोन करून अभिनंदन केल्यान."

"करतलीच," मी म्हटलं. "तुज्यासारखो माणूस तेंका खंय गावतलो?"

वहिनी पानात सुपारी घालत होती, ती थांबली. "ताई, नीट सांगा काय तां."

मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. चौऱ्याऐंशी हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज. त्या व्याजावर पुन्हा कर. दोन्ही मिळून तीन हजार चारशेच्या आसपास. दादा भरतो चार हजार दोनशे. म्हणजे मूळ रकमेतून कमी होतात सात-आठशे रुपये. किमान देय भरलं की दंड लागत नाही आणि नाव खराब होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्याज थांबत नाही.

"मगे वर्षभरात कायतरी कमी जावक होया होता," दादा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तेरा महिने, पन्नास हजारांच्या वर रक्कम भरलेली, आणि बाकी ऐंशीची चौऱ्याऐंशी.

"कार्डार आणि काय घेतंस?"

त्याने बोटांवर मोजलं. गॅस सिलिंडर. पाहुण्यांसाठी चिकन. कधी बोटीचं तेल. "पण तां बारीकसारीक. तेका पंचेचाळीस-पन्नास दिवस फुकट असतत. कार्ड देताना तेंनी सांगल्यानी."

"आदलो म्हयनो पुरो भरलो तरच फुकट. बाकी रवली काय नव्या खरेदीर पयल्या दिवसापासना व्याज."

वहिनीने विचारलं, "म्हणजे गेल्या रविवारी पाहुण्यांनी खाल्ल्यानी त्या कोंब्यारय?"

"खाटकाकडे कार्ड दाखवलास त्या दिवसापासना."

"आणि ते परत म्हणाले काय रस्सो पातळ झालो," वहिनी म्हणाली.

आई हसली. आमची आई ऐंशीच्या पुढची, हल्ली ऐकते निवडक. दादा हसला नाही. तो पडवीच्या पायरीवर जाऊन बसला आणि माडांकडे बघत राहिला. कुणाचे पैसे ठेवत नाही ही त्याची गावातली ओळख आहे. तीच धरून तो इतके महिने तारीख न चुकवता भरत आला होता. मला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण चारचा चहा व्हायचा होता आणि त्याआधी काहीतरी ठरायला हवं होतं.

मी सरळ विचारलं. "हातात कितके आसत?"

हंगामातले सत्तर हजार होते. त्यातले छत्तीस पावसाळ्यासाठी बाजूला ठेवले तर चौतीस देता येत होते. पन्नास कमी पडत होते, आणि पन्नास कुठे आहेत हे पडवीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दादाच बोलला, पाठमोरा.

"तिच्या पैशांका हात लावचंय नाय."

वहिनी म्हणाली, "तुमका कोणी लावक सांगलास? माका हिशोब तर करूक दिया." आणि माझ्याकडे वळून, "ताई, हे तसेच ठेवले तर चतुर्थीपर्यंत व्याजाचे कितके जातले?"

"तेरा-चौदा हजार."

"म्हणजे उदयपुरासून परत येवन बघूचा तर अर्धो एसी व्याजातच गेलेलो." तिने हातातलं पान दुमडलं. "जावंदे मगे. तलाव खंय पळान जाता."

तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की मला माझ्याच कागदाचा राग आला. हिशोबाने बघितलं तर तिचं बरोबर होतं. साडेतीन टक्क्यांची बाकी डोक्यावर ठेवून कुणी फिरायला जाऊ नये. पण अकरा वर्षं चहा नेऊन देणाऱ्या बाईच्या पैशांनी दुसऱ्यांच्या खोल्यांतले एसी फेडायचे, हे मला लिहवेना.

"पतपेढीत जाया," मी म्हटलं. दादा तिचा जुना सभासद. तिथे व्याज महिन्याला एक टक्का.

दादा गर्रकन वळला. "कर्ज काढूचा नाय मी. बापाशीन काढूक नाय, मीय काढूचंय नाय."

तेव्हा आईने डोळे उघडले. "मगे ह्या आसा ता काय रे? परसाद?"

मग दादाच हसला, आधी नाकातून, मग चांगला मोकळा, आणि पायरीवरून उठून आमच्यात येऊन बसला. कार्डाच्या बाकीला त्याने तोवर कर्ज म्हटलंच नव्हतं. कर्ज म्हणजे त्याच्या लेखी जामीन, सह्या आणि गावभर चर्चा. कार्ड पाकिटात असतं आणि चकाकतं.

मी पुढचं गणित मांडलं. पतपेढीचे पन्नास हजार वर्षभराच्या मुदतीने घेतले तर हप्ता साडेचार हजारांच्या आत. म्हणजे आत्ता भरतोस त्याच्याहून दोन-अडीचशे जास्त, पण बाराव्या हप्त्याला संपतं.

"संपतला म्हणजे पुरा?"

"पुरा."

"मगे तांच करूया," दादा म्हणाला. "जामीन कोण?"

"मी आणि आमचे हे."

"तेंका इचारलंस?"

"इचारतलंय. आंबे उतरवन झाले काय."

आमच्या ह्यांनी रात्री फोनवर एवढंच विचारलं की सही कुठे करायची.

पुढचं सगळं त्याच आठवड्यात झालं. पतपेढीतल्या साहेबांसमोर दादा इस्त्रीचा शर्ट घालून, शुद्ध मराठीत, "माझी थोडी आर्थिक अडचण आहे," असं म्हणाला, तेव्हा वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू हा कोण परका माणूस. रक्कम मिळाल्या दिवशीच चौतीस आणि पन्नास मिळून पूर्ण चौऱ्याऐंशी हजार कार्डावर भरले. कार्ड वहिनीच्या डब्यात गेलं, मसाल्याच्या.

मला वाटलं काम झालं. जूनमध्ये पुन्हा बिल आलं, चौदाशे रुपयांचं. दादाचा फोन सकाळी साडेसहाला.

"फिटला म्हणालंस ना गो बाय? हे कसले?"

बिल निघाल्या दिवसापासून आपण पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज, ते मागाहून येतं. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण सांगून त्याला त्या रविवारी आणखी एक आकडा ऐकवायची इच्छा नव्हती. त्याने चौदाशे भरले. पण वहिनी बिथरली. मागाहून येणारं बिल तिने कधी पाहिलं नव्हतं. "शून्याचा बिल माज्या डोळ्यांनी बघीपर्यंत मी खंयच जावचंय नाय," असं तिने जाहीर केलं आणि जून हातचा गेला.

जुलैचं बिल शून्याचं आलं. वहिनीने ते दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. आता श्रावण लागेल. चतुर्थीला घर सोडता येत नाही, म्हणजे जायचं तर मधल्या पंधरा-वीस दिवसांतच. आईजवळ मी राहणार हे ठरलं आहे, औषधांच्या दुकानातून रजाही मंजूर आहे.

आणि आता दोघांचं वाजलं आहे. दादाचं म्हणणं, तिकिटं आणि हॉटेल कार्डावर काढायचं. बाकी शून्य आहे, त्यामुळे बिलाच्या तारखेपर्यंत खरोखरच एक पैसा व्याज नाही, तोवर वहिनीचे पन्नास हजार खात्यात राहतील, आणि बिल आलं की मोठा आकडा एका दमात भरायचा. त्याने हे मला फोनवर समजावून सांगितलं, अगदी बरोबर, कुठेही न चुकता. वहिनीचं म्हणणं, कार्ड डब्यातून बाहेर आलं तर ती उदयपूरला एकटी जाईल.

दोघांनीही मला विचारलं आहे. दोघांचंही मला पटतं. आज सकाळी मी गाड्यांच्या वेळा काढून ठेवल्या, परतीची तारीख चतुर्थीच्या चार दिवस आधीची धरली. तिकिटं अजून काढलेली नाहीत.